न पाहता दिलेला निकाल

योनीच्या तोंडाशी गाठ हाताला लागली, की घरात तीन निकाल तयार असतात. ‘उष्णतेनं आलंय, जिरेल आपोआप.’ ‘कॅन्सर तर नसेल?’ आणि तोंडानं न बोलता दिलेला तिसरा : ‘काहीतरी भानगड असणार.’ तिन्ही निकाल गाठ न पाहताच.

पहिला अर्धा खरा, म्हणून जास्त घातक. योनीद्वाराच्या दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या बार्थोलिन ग्रंथी असतात. त्यांची नळी तुंबली की गाठ धरते. लहान, न दुखणारी गाठ कोमट पाण्यात बसून शेकल्यावर कधी जिरतेही. पण तिच्यात पू झाला, की नालासोपाऱ्याजवळच्या गास गावच्या वाडीत उकिडवं बसून खुरपणी करणं सोडाच, स्टेशनापर्यंत रिक्षातही बसवत नाही. मग चिरा देऊन पू काढावा लागतो, तोही डॉक्टरनं. घरी पिळणं, बिब्बा लावणं म्हणजे दुखण्यात भर.

दुसरी भीती. तरुण वयात बहुधा केसतोड निघतो किंवा तुंबलेली ग्रंथी. मात्र चाळिशीनंतर नव्यानं आलेली गाठ, न भरणारी जखम, रक्त, कातडीचा बदललेला रंग यांत तुकडा काढून तपासावा लागू शकतो. तिथं ‘दुखत तर नाही’ हा दिलासा कामाचा नाही.

तिसऱ्याबद्दल एवढंच : नळी तुंबायला चारित्र्य लागत नाही. एचपीव्ही विषाणूच्या चामखिळी शरीरसंबंधातून येतात, पण तो विषाणू नवऱ्याकडूनही येतो.

‘बायकाच सांगत नाहीत’ हा न तपासण्याचा शेवटचा बचाव. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. विश्वासानं विचारणारं कुणी आलं, तेव्हा बायका पुढे आल्याच.

म्हणून गाठ दाखवावी. कधीपासून आहे, वाढते का, ठणकते का, पाळी सुरू आहे की गेली, हे सांगावं. ताप किंवा वाढती ठणक असेल तर त्याच दिवशी जावं. डॉक्टर पुरुष असेल, तर तपासताना सोबत बाई असणं हा रुग्णाचा हक्क आहे. तो मागून घ्यावा. ‘काही नाही, घरी जा’ हा निकालही तपासणीनंतरच ऐकायचा असतो.