टॅब्लेट घ्या, पण आधी मुलाचे कान तपासा



दसरा-दिवाळीच्या सुमारास खाणीत बोनस मिळतो आणि माजरीतल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टरसाहेब, पोरासाठी टॅब घ्यावा म्हणतो. अभ्यासाचे ॲप असतात ना त्यात?"

मूल शाळेत नीट जाणारं असेल तर हा प्रश्न खिशाचा आणि शिस्तीचा आहे, तो आई-वडिलांनी ठरवावा. पण कधी कधी मागून हळू आवाजात पुढचं वाक्य येतं, "अजून बोलत नाही जी. बोलायला शिकवणारं ॲप आहे म्हणतात." अशा वेळी मी पेन खाली ठेवतो आणि खुर्ची पुढे ओढतो.

माझं मत आधीच सांगतो. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी टॅब्लेट फार उपयोगाचा ठरू शकतो. काही मुलांसाठी तर तो चष्म्याइतकाच गरजेचा असतो. पण डोळे न तपासता कोणी चष्मा विकत घेतं का? टॅब्लेटचंही तसंच आहे. तपासणीच्या आधी आलेला टॅब्लेट मुलाचं नुकसान करू शकतो.

माझी एक चूक

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. काही वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या एका मुलाला त्याची आई आणि आजी घेऊन आल्या. मूल बोलत नव्हतं. आजी म्हणाली, "याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नाही जी." मुलगा हसरा होता, नजर तरतरीत होती. बाहेर पेशंटची रांग होती. मी म्हणालो, "काही मुलं उशिरा बोलतात. सहा महिने वाट पाहू."

घरच्यांनी वाट पाहिली, आणि वाट पाहताना त्याला बालगीतांचं एक ॲप लावून दिलं. मुलगा चित्रं पटापट जुळवायचा. सगळे खूश. गाणं लागलं की टॅब गालाला लावून बसायचा. "किती आवडते त्याले गाणं," असं घरात कौतुक व्हायचं.

साडेतीन वर्षांचा झाल्यावर अंगणवाडीताईंच्या लक्षात आलं की पाठीमागून हाक मारली तर हा वळतच नाही. बेरा नावाची कानाची तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. तो टॅब गालाला लावत होता तो कंप जाणवावा म्हणून.

जन्मतः ऐकू कमी येणाऱ्या बाळाची पहिली चाचणी 1 महिन्याच्या आत, निदान 3 महिन्यांच्या आत आणि उपचार 6 महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असं वैद्यकशास्त्र सांगतं. मेंदूत भाषा रुजण्याचा काळ पहिल्या काही वर्षांचाच असतो. या मुलाची त्यातली दीड वर्षं गेली. पहिली चूक माझी. दुसरी चूक आम्हा सगळ्यांची, कारण पडद्यावरची हुशारी पाहून आम्ही निर्धास्त झालो. चित्र जुळवायला कान लागत नाहीत, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

टॅब्लेट खरोखर कुठे कामाला येतो?

आता दुसरं मूल. सेरेब्रल पाल्सी असलेला नऊ वर्षांचा मुलगा. समजायचं सगळं, पण तोंडाच्या स्नायूंवर ताबा नसल्यामुळे शब्द फुटत नव्हता. भाषा-उपचार तज्ज्ञांनी आधी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून दिली: पाणी, जेवण, संडास, हो, नको. त्या चित्रांवर बोट ठेवणं जमू लागल्यावर तशीच चित्रं टॅब्लेटवर आली. फरक एवढाच की बोट ठेवलं की टॅब्लेट तो शब्द मोठ्याने बोलतो.

त्याने सगळ्यात जास्त वापरलेला शब्द 'नको'. रोजचं वरण समोर आलं की 'नको'. घरात हसू पिकलं. मग एकदा तो दोन रात्री रडत होता. घरच्यांनी पोटाचं औषध देऊन पाहिलं, पण फरक पडला नाही. माझ्याकडे आणल्यावर मी टॅब्लेट त्याच्या पुढ्यात ठेवला आणि शरीराच्या चित्रांचं पान उघडलं. त्याचं बोट थरथरत 'दात' वर गेलं. तोंडात पाहिलं तर दाढ किडून सुजली होती. त्याच्या तक्रारीचा अंदाज मी नऊ वर्षं बांधत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला स्वतः सांगितलं.

अशा ॲपना संवाद-साहाय्याची ॲप म्हणता येईल. आपल्या देशात ती चांगली तयार झाली आहेत. चेन्नईत 'आवाज' तयार झालं. मुंबईच्या आयआयटीमध्ये 'जेलो' तयार झालं, ते मोफत आहे आणि त्यात मराठीही आहे.

पालकांना भीती असते की मशीन बोलायला लागलं तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडेल. तसं होत नाही. 2006 साली या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा चित्रं किंवा यंत्र वापरल्यामुळे मुलांचं बोलणं मागे पडल्याचं दिसलं नाही. 2014 साली अमेरिकेत 5 ते 8 वर्षांच्या, जेमतेम बोलणाऱ्या 61 स्वमग्न मुलांवर एक अभ्यास झाला. उपचारासोबत सुरुवातीपासून बोलणारं यंत्र मिळालेली मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. 'उपचारासोबत' हा शब्द विसरू नका. त्या मुलांसमोर प्रशिक्षित माणूस बसत होता, आणि पुढे पालकांनाही शिकवलं गेलं होतं.

वाचता-लिहिता न येणारं मूल

तिसरी-चौथीतलं मूल तोंडी सगळं सांगतं, पण वाचताना अडखळतं आणि लिहिताना काना-मात्रा गाळतं. त्याला 'ढ' म्हणू नका. आधी डोळे आणि कान तपासा, मग अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. ही अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये येते. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

इथे फोनमधल्या साध्या सोयीही पुरतात. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणं आणि मराठीत बोललेलं टाइप होणं, या दोन्ही गोष्टी आज साध्या अँड्रॉइड फोनवर होतात. त्यासाठी महागडी वर्गणी भरायची गरज नाही. दारात येऊन "मुलाचा मेंदू तल्लख करतो" म्हणणारा विक्रेता आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

भाषेचा प्रश्न

माजरी खाणीचं आणि रेल्वे जंक्शनचं गाव. कोणाच्या घरी वऱ्हाडी, कोणाकडे हिंदी, कोणाकडे तेलुगू. गडचिरोलीकडे गेलात तर गोंडी आणि माडिया. आणि बाजारातली बरीचशी ॲप बोलतात इंग्रजी. ज्या मुलाला एक भाषा जमताना मुश्कील, त्याला घरात कोणीच बोलत नाही अशी दुसरी भाषा पडद्यावरून देऊन काय साधणार?

म्हणून ॲप निवडताना एकच गोष्ट आधी पाहा: त्यात स्वतःचे फोटो आणि स्वतःचा आवाज घालता येतो का? येत असेल तर तुमच्याच घरातल्या पेल्याचा फोटो काढा आणि आईच्या आवाजात 'पाणी' रेकॉर्ड करा. गोंडी घरात गोंडी शब्द रेकॉर्ड करा.

घरी पाळायचे नियम

1. दोन वर्षांखालील मुलाला पडदा देऊ नका. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, तोही मोठ्या माणसासोबत. मूल बोलण्यासाठी जो टॅब्लेट वापरतं त्याला मात्र ही मर्यादा लावू नका. तो त्याचा आवाज आहे, शिक्षा म्हणून काढून घेऊ नका.

2. जमलं तर संवादाचा टॅब्लेट वेगळा ठेवा. नाही जमलं तर सेटिंगमध्ये ॲप पिन करा, म्हणजे मूल त्यातून कार्टूनकडे पळणार नाही.

3. इंटरनेटशिवाय चालणारं ॲप घ्या. वीज गेली, चार्जिंग संपलं तरी संवाद थांबू नये म्हणून पुठ्ठ्याचा तक्ता भिंतीवर राहू द्या.

4. जेवताना पडदा नको. भरवताना मुलाने तुमचं तोंड पाहायला हवं. शब्द तिथूनच शिकला जातो.

आधी कुठे जायचं?

वर्षाच्या आत हाकेला न वळणारं, सव्वा वर्षापर्यंत बोट दाखवून काही न मागणारं, दीड वर्षापर्यंत एकही शब्द न बोलणारं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द न जोडणारं, किंवा येत असलेले शब्द विसरणारं मूल तपासायलाच हवं. डॉक्टर "थांबू या" म्हणाले तरी आग्रह धरा. मी म्हणालो तरी धरा.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येऊन 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना विचारा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्ह्याला पाठवतात. ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या मुलांसाठी आपल्या शेजारी वरोऱ्याला, आनंदवनात शाळा आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी केंद्राची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असून थेरपीचा खर्चही धरला जातो.

शेवटी थोडं कडू. गावात टॅब्लेट वाटपाचा कार्यक्रम झाला की टाळ्या वाजतात. त्या मंचावरच्या लोकांना एक प्रश्न विचारा: हे वापरायला शिकवणारा भाषा-उपचार तज्ज्ञ आमच्या तालुक्यात आठवड्यातून किती दिवस बसणार? तो नसेल तर वाटलेला टॅब्लेट महिनाभरात गाण्यांचा डबा होतो.

आज संध्याकाळी एक काम करा. घरात लहान मूल असेल तर पडदा बंद करून त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि हळू आवाजात हाक मारा. वळलं तर उत्तम, तरी शंका असेल तर तपासून घ्या. वारंवार हाक मारूनही वळलं नाही, तर टॅब्लेटचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

काळजी घ्या.