शुद्धीकरणानंतर नदीचे गणित पुन्हा तपासावे

उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावून बदलापूर, कल्याण या शहरांजवळून वाहते व वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. वरच्या शहरांनी नदीत जे सोडले, ते अखेर वसईकराच्या जाळ्यापाशी व शेतबांधापाशी येते. त्या शहरांनी सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे उभारली, याचे स्वागत शेतकरी व कोळी बंधूंनी अवश्य करावे. परंतु नदी किती सुधारेल हे ज्या गणितावरून सांगितले जाते, ते केंद्र चालू झाल्यावर पुन्हा तपासलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या गणिताचा पाया स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ साली अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून घातला. मैला कुजताना पाण्यातील प्राणवायू खातो, हवेतून तो पुन्हा मिसळतो. या दोन वेगांवरून कोठे किती प्राणवायू उरेल ते काढता येते. गोम आहे ती कुजण्याच्या वेगात, कारण तो जुन्या घाण पाण्यावरून ठरविलेला असतो. ताजे शेण व मुरलेले खत यांतील फरक शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. शुद्ध केलेल्या पाण्यात उरलेला अंशही मुरलेल्या खतासारखाच सावकाश कुजतो. मग जुन्या वेगाने काढलेला प्राणवायूचा तुटवडा भलत्याच ठिकाणी दिसतो. शिवाय केंद्रात न निघालेला अमोनिया खाली वाहत जाऊन प्राणवायू खातो, आणि तळाचा जुना गाळ तर कित्येक वर्षे आपला वाटा घेतच राहतो. पुढील केंद्र कोठे व केवढे बांधावे हे याच आकड्यांवर ठरते. चुकीचा आकडा म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे हातभार लावावा. पावसाळी पुराच्या पाण्यात दोष झाकले जातात, म्हणून नमुने एप्रिल-मे महिन्यांत, ठरलेल्या जागी घ्यावेत. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री घेते. तेव्हा दुपारचा आकडा फसवा असतो. प्राणवायू पहाटे मोजावा. नमुन्याच्या बाटलीवर भरती की ओहोटी हे लिहावे, व पाण्याचा खारटपणाही नोंदवावा, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. प्रयोगशाळेतील जैविक प्राणवायू-मागणीची चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. तोपर्यंत नमुना उन्हात पडून राहिला असेल, तर ती न केलेली बरी. मोजलेला व गणिताने काढलेला आकडा जुळला नाही, तर वहीतील नोंद खोडू नये. गणितातील वेग बदलावयास सांगावे.