दहा अंशांचा हिशोब

'तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो.' हे वाक्य आपण सगळ्यांनी बारावीत पाठ केलंय, पेपरात लिहिलंय आणि त्याचे मार्कही घेतलेत. आता होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कुणालाही थांबवून विचारा, "दुप्पटच का रे?" उत्तर ठरलेलं: "रेणू जोरात पळतात, टकरा वाढतात." माझा आक्षेप आहे तो या उत्तराला. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. आणि इंजिनिअर होणाऱ्या माणसाला हे अर्धवट ज्ञान महागात पडू शकतं.

मित्रांनो, जरा आकडेमोड करून बघू. तापमान २७ वरून ३७ अंश सेल्सियस केलं, म्हणजे ३०० वरून ३१० केल्व्हिन. टकरांची संख्या केल्व्हिन तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. कॅल्क्युलेटर काढा. वाढ भरते दोन टक्क्यांपेक्षाही कमी! मग वेग दुप्पट कुठून झाला?

खरी गोष्ट अशी की बहुतेक टकरा फुकट जातात. रेणू एकमेकांवर आदळतात आणि होते तसेच परत जातात. जुने बंध तुटायला किमान काही ऊर्जा लागते. तीच सक्रियण ऊर्जा. ती ५० किलोज्यूल प्रति मोल धरली, तर ती रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेच्या सुमारे १३ पट होते. ३०० केल्व्हिनला एक अब्ज टकरांपैकी जेमतेम दोन टकरा ही पातळी गाठतात. ३१० केल्व्हिनला जवळजवळ चार. दोनाचे चार झाले, म्हणून वेग दुप्पट! वर्गाची सरासरी एक-दोन मार्कांनी वाढली, तर मधल्या गर्दीला फारसा फरक पडत नाही, पण डिस्टिंक्शनवाल्यांची संख्या एकदम वाढते, तसंच हे. स्वांते अऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणात तापमान घातांकात बसलंय, ते याचसाठी. आणि 'दुप्पट' हा काही निसर्गनियम नाही. सक्रियण ऊर्जा वेगळी असेल तर दीडपट होईल, नाहीतर तिप्पट.

"हे केमिकलवाल्यांचं, आम्हाला काय त्याचं?" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. फर्स्ट इयरची केमिस्ट्री म्हणजे एकदाची सुटायची गोष्ट, असंच आपल्याकडे मानतात. पण इलेक्ट्रिकलवाल्यांनो, ट्रान्सफॉर्मरमधल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं, ते याच हिशोबाने. सिव्हिलवाल्यांनो, सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेत उष्णता निघते, म्हणून धरणाच्या काँक्रीटमध्ये कधीकधी पाण्याऐवजी बर्फ घालतात. कॉम्प्युटरवाल्यांनो, तापलेल्या चिपमधल्या धातूच्या बारीक तारा किती वर्षं टिकतील हे काढायच्या सूत्रातही हाच घातांक आहे. ब्रँच बदलली म्हणून रेणू बदलत नाहीत.

हा घातांक डोक्यात नसला की काय होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. भोपाळ, १९८४, २ आणि ३ डिसेंबरमधली रात्र. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाईल आयसोसायनेट होतं. त्यात पाणी गेलं. या अभिक्रियेत उष्णता निघते. उष्णतेने तापमान वाढलं, तापमानाने वेग वाढला, वेगाने आणखी उष्णता निघाली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तयार होणारी उष्णता घातांकाने वाढते, पण टाकीच्या भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता तापमानातल्या फरकाच्या सरळ प्रमाणात, म्हणजे सरळ रेषेत वाढते. वक्र एकदा रेषेच्या वर निसटला की तो परत खाली येत नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा तिथे बसवलेली होती, पण ती काही महिन्यांपासून बंद होती. थंड टाकीत हीच अभिक्रिया कितीतरी हळू चालली असती आणि माणसांना हालचाल करायला वेळ मिळाला असता. हजारो माणसं गेली. त्या दुर्घटनेला कारणं अनेक होती, पण 'काही अंशांनी काय फरक पडतो' ही वृत्ती त्यातली एक होती, असं मला ठामपणे वाटतं.

आणि या वृत्तीची सुरुवात कुठे होते? जर्नलमध्ये. सबमिशनच्या आदल्या रात्री एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जर्नलांची जी वाहतूक चालते, ती रेक्टर सरांनाही ठाऊक आहे. आधी ग्राफची सरळ रेघ मारायची आणि मग तिच्यावरून रीडिंग 'तयार' करायची, ही तर आपली परंपरा! रेघ सरळ का येते, हे विचारायला ना विद्यार्थ्याला वेळ, ना व्हायवा घेणाऱ्याला.

सरांना आणि मॅडमना माझी एक विनंती आहे. सोडियम थायोसल्फेट आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा साधा प्रयोग फर्स्ट इयरला प्रत्येकाकडून करून घ्या. कागदावर फुली काढायची, त्यावर बीकर ठेवायचं आणि गंधकाने द्रावण गढूळ होऊन फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. चार-पाच वेगवेगळी तापमानं घ्यायची. वायू निघतो, म्हणून खिडक्या मात्र उघड्या हव्यात. खर्च नगण्य. प्रत्येकाने आपल्याच रीडिंगवरून सक्रियण ऊर्जा काढायची. उत्तर पुस्तकापेक्षा थोडं वेगळं आलं म्हणून मार्क कापू नका. पण सगळ्या बॅचचं उत्तर दशांशापर्यंत सारखं आलं, तर जरूर कापा!

आणि मित्रांनो, आपणही पी.एल.मध्ये सूत्र घोकण्याआधी पाच मिनिटं कॅल्क्युलेटर घेऊन बसू या. उद्या कुठल्यातरी प्लँटवर, सबस्टेशनवर किंवा साइटवर तापमापीचा काटा दहा अंश वर गेलेला दिसेल. तेव्हा शेजारी गाइड नसेल. "चालतंय, थोडंच तर वाढलंय" म्हणायचं की लगेच धावायचं, हे आपल्यालाच ठरवायचं आहे.