चाकणचा किल्ला पडला, मग फिरंगोजीचें काय?

चाकणच्या भुईकोटाचा, म्हणजे संग्रामदुर्गाचा, विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो : “अहो, पण तो शेवटीं शत्रूच्या हातीं गेलाच ना?” गेला. १६६० सालीं १५ ऑगस्टला गेला. तें लपविण्याची आम्हांस मुळींच गरज वाटत नाहीं. परंतु या एका ‘गेलाच ना’वर फिरंगोजी नरसाळ्याचा निकाल लावून मोकळें होणें हा शर्यतीच्या मैदानावरील न्याय झाला, इतिहासाचा नव्हे.

हीच मंडळी पोलंडच्या कोश्चुश्कोचें नांव आदरानें घेतात, व तें घ्यावेंच. पण तोहि हरलाच होता! १७९४ च्या उठावांत तो घायाळ होऊन रशियनांच्या हातीं सांपडला, आणि पुढल्याच वर्षीं त्याचा देश नकाशावरून पुसला गेला. तरीहि क्राकूवच्या लोकांनीं १८२० ते १८२३ या काळांत त्याच्या नांवें मातीची एक टेकडी उभी केली, व तींत त्याच्या रणभूमीवरील माती आणून मिसळली. त्याला ‘शेवटीं काय झालें’ असें त्या लोकांनीं विचारलें नाहीं.

आतां चाकणकडे पाहूं. शाएस्तेखान जूनमध्यें किल्ल्यास भिडला, तेव्हां शिवाजीमहाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यांत अडकलेले. कुमक येणें नाहीं. कोट सपाटीवरचा, कड्याकपाऱ्यांचा आधार नाहीं. अशा स्थितींत मूठभर शिबंदीनिशीं फिरंगोजीनें भर पावसाळ्यांत सुमारें पंचावन्न दिवस तो झुंजविला. १४ ऑगस्टला मोगलांनीं ईशान्येचा बुरुज सुरुंगानें उडविला व वरचीं माणसें त्यासरशीं गेलीं. विजय झाला म्हणून शत्रू आंत धांवतो, तों पुढें मातीचा नवा बांध तयार! बुरुज पडणार हें ओळखून मागें दुसरी फळी आगाऊ रचणारा मनुष्य केवळ शूर नव्हे. तो युद्धशास्त्र जाणणारा सेनानी होता. जदुनाथ सरकारांनीं मोगलांकडील ठार २६८ व जखमी ६०० असा आंकडा दिला आहे. एका भुईकोटाला एवढी किंमत, तर सह्याद्रीच्या गडांना किती, हा हिशेब खानानें मनांत मांडला नसेल काय? तो पुढें पुण्यास लाल महालांत जाऊन बसला, व एप्रिल १६६३ मध्यें तेथें त्याचीं बोटें तुटलीं.

किल्ला सोडल्यावर मोगली चाकरी पुढें आली असतां फिरंगोजीनें ती नाकारली आणि तो महाराजांकडे परतला. त्याच्या भक्तांसहि आमचें सांगणें आहे. किल्ला पडला हें लिहितांना हात आंखडूं नका; पराभव झांकल्यानें त्या मातीच्या बांधाचें मोलच झांकलें जातें.

हल्लीं चाकण म्हणजे मोटारींचे कारखाने, हेंच समीकरण झालें आहे. त्याचा आम्हांस विषाद नाहीं. पोटाचा प्रश्न खोटा नसतो. पण पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांतील मुलें यंत्रें पाहण्यास त्या बाजूस जातात, तेव्हां दाट वस्तींत उरलेल्या त्या तटापाशीं अर्धा तास थांबण्यास त्यांच्या अध्यापकांना कोण अडवितें? सुरुंग कसा खणतात, त्याला उत्तर कसें देतात, हें स्थापत्याच्या विद्यार्थ्यास फळ्यावर शिकविण्यापेक्षां तेथें उभें करून शिकवावें. पुण्याहून ती वाट कांहीं फार लांबची नाहीं.