पाळ त्यांची, उतार आपला



१९२७ साली महाडला आपल्या पणज्या-आज्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा भांडण पाणी मिळण्याचं होतं. ते भांडण अजून मिटलेलं नाही. पण त्याला आता दुसरं तोंड फुटलंय. आता पाणी आपल्या डोक्यावर टांगलं जातंय. तहानेसाठी नाही, पिकासाठी नाही. होडीत बसून फोटो काढायसाठी.

आपला वाशीम जिल्हा म्हणजे पठाराचा माथा. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती इथंच जन्मतात आणि दुसऱ्यांच्या जिल्ह्यात जाऊन मोठ्या होतात. आपल्या वाट्याला नाले. उन्हाळ्यात कोरडे ठक्क, आणि पावसाळ्यात एका रात्रीत बैल वाहून नेतील असे. असल्या एका नाल्यावर एका पैसेवाल्यानं मातीची पाळ घातली. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वस्तीतल्या बायांना उद्या निंदायला कोण बोलावणार? पाळीच्या आत पाणी, पाण्यात रंगीत होड्या, काठावर बांबूच्या झोपड्या, शनिवार-रविवारी शहरातल्या मोटारी. पाळीच्या खाली अर्ध्या कोसावर, नाल्याच्या काठाला, आपली वस्ती. निळा झेंडा पाळीवरून स्पष्ट दिसतो.

आपली वस्ती तिथं कशी आली हे कुणी विचारत नाही. गावानं आपल्याला वाऱ्याच्या आणि पाण्याच्या खालच्या अंगाला ठेवलं. विटाळ खाली वाहून जावा म्हणून. मनुस्मृती १९२७ लाच जाळली, पण जमिनीचा उतार जाळता येत नाही. गावाची घाण खाली येते, आणि उद्या पाळ फुटली तर तेही पाणी खालीच येणार. त्या पाण्याला पहिलं घर कुणाचं लागेल हे शेदोनशे वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

कुणी म्हणेल, केवढंसं तळं ते! चला, हिशेब करू. एक एकर तळं, सरासरी तीन मीटर पाणी. झाले बारा हजार घनमीटर. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणजे बारा हजार टन. दहा हजार लिटरचे बाराशे टँकर. उन्हाळ्यात आपल्या वस्तीला एक टँकर मिळायला चार अर्ज लागतात. हे बाराशे बिनअर्जाचे, एकदम, रात्री.

आणि इथं गल्लत करू नका. मी शेततळ्याच्या विरोधात नाही. खोदलेलं पाणी जमिनीत बसतं, अडवलेलं पाणी जमिनीच्या वर बसतं. पाळीच्या बाहेरच्या जमिनीपेक्षा पाणी जेवढं उंच, तेवढं ते मोकळं व्हायला टपलेलं. कोरडवाहू शेतकऱ्यानं खड्डा खोदून सोयाबीनला दोन पाणी दिलं तर मी त्याच्या बाजूनं उभा राहीन. नाला अडवून होडी फिरवणाऱ्याला मात्र दोन प्रश्न विचारीन: पाळ कुणी आखली, आणि सांडवा कुणी मोजला?

मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तरी ती बऱ्याचदा तग धरते. मातीच्या पाळीवरून गेलं की पाणी बाहेरचा उतार कुरतडतं, आणि तासाभरात पाळीची दरी होते. दुसरं मरण आतून येतं. पायात खडकापर्यंत चर घेतला नाही, थराथरानं पाणी मारून रोलर फिरवला नाही, नुसती जेसीबीनं माती लोटली, की पाणी पाळीच्या पोटातून वाट काढतं. आधी पाझर स्वच्छ असतो. तो गढूळ झाला की समजायचं, पाळ आतून वाहून चालली. आपली काळी माती तर विचारूच नका. पाणी अडवायला गुणी, पण एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्या भेगांतूनच उतरतं. म्हणून शहाणे इंजिनिअर काळी माती गाभ्यात घालतात आणि वरून मुरमाचं कवच चढवतात. त्या पाळीवर मी मुरूम शोधला. तो फक्त मोटारी लावायच्या जागेवर सापडला.

सांडव्याच्या तोंडाला जाळी ठोकलेली. काहून रे बावा? तर म्हणे, सोडलेले मासे वाहून जातात.

ही जाळी ऐकल्यावर मला अमेरिकेतलं जॉन्सटाऊन आठवलं. पेनसिल्व्हानिया राज्यातलं हे पोलाद कारखान्याचं, कामगारांचं गाव. त्याच्या वर वीसेक किलोमीटरवर एक जुनं मातीचं धरण होतं, सुमारे बावीस मीटर उंच. कालव्यासाठी सरकारनं बांधलेलं, मग खाजगी झालेलं. एका मालकानं त्याच्या तळातले पाणी सोडायचे लोखंडी नळ काढून विकून टाकले. १८७९ नंतर ते पिट्सबर्गच्या धनदांडग्यांच्या क्लबकडे आलं, मासे धरायला आणि शिकारीला. ॲंड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, मेलन हे सभासद. त्यांनी जुनं भगदाड बुजवलं ते झुडपं, गवत, लीद घालून. बग्ग्या समोरासमोर जाव्यात म्हणून पाळीचा माथा उतरवून रुंद केला. आणि सांडव्यावर, बरोबर ओळखलंत, मासे जाऊ नयेत म्हणून जाळ्या. १८८० साली खालच्या पोलाद कंपनीच्या इंजिनिअरनं पाहणी करून धोका लिहून कळवला. क्लबनं उत्तर दिलं, तुम्हाला काही भीती नाही. ३१ मे १८८९ ला पाळीवरून पाणी गेलं. २,२०९ माणसं मेली. सातशेच्या वर मढी कुणाची ते कळलंच नाही. क्लबला कोर्टात एक पैचाही दंड झाला नाही. देवाची करणी! कार्नेगीनं नंतर गावाला वाचनालय बांधून दिलं.

आपल्याकडं देव नसला तर खेकडे असतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून जास्त माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावानं आधीच केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी पाळ पोखरली. लोक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, हे घ्या आरोपी म्हणून. ते तर सरकारी धरण होतं, कागदावर इंजिनिअर होते, देखभालीचं खातं होतं. आपल्या डोक्यावरच्या पाळीला कागदच नाही.

कायदा काय म्हणतो? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी, आणीबाणीचा आराखडा, दिलेले निर्देश धुडकावल्यानं माणसं मेली तर दोन वर्षांपर्यंत कैद, सगळं आहे. मालक खाजगी असला तरी लागू. पण धरण पंधरा मीटरच्या वर पाहिजे, नाहीतर दहा ते पंधरा मीटरमध्ये असून साठा, लांबी असल्या काही अटींत बसलं पाहिजे. सात मीटरची पाळ? ती कायद्याच्या डोळ्याला दिसत नाही. सात मीटर म्हणजे दोन मजली घर, भावांनो. कायद्यानं मोठं धरण मोजलं, पण बुडणाऱ्याची झोपडी किती उंच ते नाही मोजलं.

इंग्लंडातला गाजलेला रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटला १८६८ साली निकाली निघाला, तो एका गिरणीवाल्याच्या खाजगी तळ्यावरूनच. दुसऱ्याच्या खाणीत पाणी शिरलं म्हणून. धोक्याची वस्तू तू आणून ठेवलीस, सुटली तर भरपाई तुझ्या गळ्यात, असा तो निकाल. आपल्या सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये दिल्लीच्या वायुगळतीच्या खटल्यात त्याच्याही पुढं पाऊल टाकलं: घातक धंदा करणाऱ्याला सबबच नाही. ठीक. पण हे सगळं मेल्यावर. आम्हाला मेल्यावरची भरपाई नको, जिवंतपणीचा सांडवा पाहिजे.

मी वस्तीतल्या दोन पोरांना घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "खाजगी हाय ते. आमच्या याद्यात नाही येत." दुसऱ्या कार्यालयात विचारलं, "फुटलं का? मंग?" म्हणजे फुटल्यावर या! पाळीच्या मालकाचा माणूस तर जास्तच प्रेमळ. "तुमच्याच पोराईले होडीवर काम देलं ना भाऊ." दिलंय, खरंय. वर होडी वल्हवणारा पोरगा आपला आणि खाली झोपलेली त्याची माय आपली. अर्धा रोजगार आणि अख्खी जोखीम.

आणि आपणही कमी नाही. चौकातल्या फलकावर फोटो कुणाचा मोठा यावर आपण तीन बैठका घेतो. बाबासाहेब १९४२ ते ४६ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची आखणी त्यांच्या काळातली, आजच्या केंद्रीय जल आयोगाचं मूळ १९४५ च्या त्यांच्या कामात. नदीचा पूर आकड्यांत पकडायला बसलेला माणूस तो. आणि त्याची लेकरं आपण, डोक्यावरच्या नाल्याची रुंदीही माहीत नसलेली!

तेव्हा भाषण बंद, माप चालू. मे महिन्यातच जा. पाळीचा माथा कुठं खचलाय ते बघा, पाणी तिथूनच जाणार. सांडव्याची रुंदी घ्या, मग वरच्या नाल्याची घ्या; सांडवा नाल्याहून अरुंद असेल तर तेवढं एक वाक्यच अर्जाला पुरे. जाळीचा फोटो. पाळीवरच्या बाभळी-बोरी मोजा, मुळं कुजली की तीच पाण्याची नळी होते. बाहेरच्या पायथ्याशी उन्हाळ्यातही हिरवं गवत असेल तिथं खूण करा. मग अर्ज. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, जुन्या फौजदारी संहितेतलं १३३ होतं ते. सार्वजनिक धोका हटवण्याचा हुकूम ते खाजगी मालकालाही देऊ शकतात. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. २००५ च्या कायद्यानं जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचे अध्यक्ष तेच आहेत. ग्रामसभेत ठराव मांडा, नाही घेतला तर नाही घेतल्याची नोंद मागा. पोच घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका.

टेप कुणाकडे नसेल तर सुतळीला मीटर-मीटरवर गाठी मारून न्या. आम्ही तशीच नेली होती. सांडवा चार गाठी भरला, नाला अकरा.