नकाशा खालच्या वस्तीपासून काढा

पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य अर्धंच खरं. पडतो सारखा, पण तुंबतो आमच्या दारात. बंगल्याच्या छतावरचं पाणी पाइपातून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून आमच्या चुलीत. या प्रवासाला महापालिकेच्या कागदात 'पावसाळी पाण्याचा निचरा' म्हणतात. निचरा कुणाच्या अंगणातून आणि कुणाच्या घरात, हे मात्र त्या कागदात नसतं.

मी वऱ्हाडातला. मॅट्रिक झालो आणि पोटासाठी मुंबईच्या गोदीत माल उचलायला लागलो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा साहेब लोकांनी समुद्राकडं बोट दाखवलं. भरती होती म्हणे, गटारांची तोंडं दबली. ठीक आहे. पण अकोल्याला कुठला समुद्र? तिथं बोट दाखवायला मोर्णा आहे. जुलै 2021 मध्ये अकोल्यात एका दिवस-रात्रीत दोनशे मिलिमीटरवर पाऊस कोसळला. वर्षाच्या पावसाचा जवळजवळ चौथा हिस्सा. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं फिरतं. गोदीतला कोणताही हमाल भरतीच्या वेळी हे पाहतो, त्याला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आता सांगा, नाला नदीला मिळतो त्या तोंडाशी कोण राहतं?

आपणच राहतो. गावात आपली वस्ती खालच्या अंगाला होती. शहरात आलो, पत्ता बदलला, उतार तोच राहिला. वरच्यांनी उंच जागा घेतल्या, उरलेली पूररेषा आपल्या नावावर लागली. आणि पूर आला की साहेबाच्या तोंडी एकच शब्द : अतिक्रमण. वर मैदानावर सिमेंट ओतलं, अंगणात फरशी ठोकली, ओढा बुजवून प्लॉट पाडले, तो मात्र विकास! वस्तीतल्या बाया विचारतात, "पाणी त्याईचं, मंग घर आमचंच काहून पाडता?" या प्रश्नाला कोणत्याही आराखड्यात उत्तर नाही.

अमरावतीचं बघा. 1927 मध्ये अंबादेवीच्या देवळाच्या दारासाठी आपल्या माणसांनी सत्याग्रह पुकारला. त्याच नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली तिथं परिषद भरली. त्याच अंबेच्या नावाचा नाला शहराच्या पोटातून वाहतो. देवळाचं दार आपल्याला बंद होतं. नाल्याचा काठ मात्र कधीच बंद नव्हता! त्याच वर्षी महाडला पाणी पिण्याचा हक्क मागितला. आज त्याला जोड पाहिजे : दुसऱ्याच्या पाण्यात न बुडण्याचा हक्क.

नुसत्या घोषणेनं पाणी ओसरत नाही हे मलाही कळतं. म्हणून हिशोब मांडू. 1000 चौरस फुटांचं एक छत घ्या. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ एक टँकर. मातीवर पडलं असतं तर काही जिरलं असतं, काही रेंगाळलं असतं. सिमेंटवरून ते सगळं एकदम धावतं. शंभर छतांचे शंभर टँकर एकाच तासात खाली सुटले तर नाला कितीही खोदा, पुरणार नाही. खरा इलाज खाली खोदण्यात नाही, वर अडवण्यात आहे.

आपली माती काळी. भेगा बुजल्या की फुगते आणि पाणी आत घेत नाही. पुण्या-मुंबईच्या पुस्तकातला शोषखड्डा इथं जसाच्या तसा चालत नाही, त्यात खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं, गिट्टी-वाळू भरावी लागते. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेचा खारपाणपट्टा आहे, तिथलं भूजलच खारं. तिथं जिरवण्यापेक्षा वरच्यावर टाक्यात आणि तळ्यात साठवणं शहाणपणाचं. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव इंग्रजांच्या काळातले. पिण्यासाठी बांधले, पण पावसाचा लोंढा थोपवण्याचं कामही तेच करतात. त्यांच्यात येणारे ओहोळ बुजवणं म्हणजे खालच्या वस्तीवर पाणी सोडणं.

बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा 1945 मध्ये ओरिसाच्या नद्यांविषयी त्यांनी हेच मांडलं होतं : जादा पाणी हा शत्रू मानून समुद्राकडं हाकलू नका, साठवा आणि वापरा. पुढं चीननं शहरं स्पंजासारखी करायची योजना काढली. तळी, हिरवे पट्टे, पाणी पिणारे रस्ते. तरी 20 जुलै 2021 ला झेंगझौ शहरात एका तासात दोनशे मिलिमीटर पाऊस झाला आणि स्पंज भरून वाहिला, माणसं मेली. म्हणून तळी बांधा, पण वस्तीला वेळेवर इशारा आणि उंचावर निवाराही द्या. एकाच्या भरवशावर दुसरं सोडू नका.

आणि नाल्यात उतरतं कोण? जानेवारी 2018 मध्ये अकोल्यात हजारो लोक मोर्णा साफ करायला आले, पंतप्रधानांनी रेडिओवरून कौतुक केलं. मी त्यांची थट्टा करत नाही. पण जलकुंभी सांडपाण्यावर पोसते. सांडपाणी चालूच राहिलं तर ती परत येणार. फोटोवाले एका दिवसाचे, फावडं धरणारे बारमाही. 2013 च्या कायद्यानं हातानं मैला उचलायला लावणं गुन्हा ठरवलं. ठेकेदार हुशार, तो म्हणतो हा पावसाळी नाला आहे, इथं मैला कुठाय? आत उतरणाऱ्याच्या नाकाला विचारा! पावसाचं आणि संडासाचं पाणी एकत्र असेल तोवर हा खेळ संपणार नाही. निचऱ्याचा प्रश्न हा जातीचा प्रश्न आहे तो इथं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. आराखडा खालच्या वस्तीपासून सुरू करा. पाणी कुठवर चढलं हे भिंतीवर वस्तीनं खूण करून सांगावं आणि ती खूण नकाशात यावी. मोठ्या छताच्या मालकानं पाणी आपल्याच आवारात थोपवावं. पावसाचा आणि मैल्याचा मार्ग वेगळा करा. मृग लागायच्या आधी गाळ मशीननं काढा, माणसानं नाही. आणि घर हलवायचंच असेल तर पोराची शाळा आणि बापाची मजुरी जिथं आहे तिथंच, उंच जागेवर, आधी घर आणि मग पाडापाडी.

मित्रांनो, पुढच्या पावसाची वाट पाहू नका. या उन्हाळ्यात आपापल्या वस्तीत खडू-कोळसा घेऊन निघा आणि गेल्या पुराच्या खुणा भिंतीवर मारा. शेजारी वर्ष लिहा. तो आपला नकाशा. तो घेऊन महापालिकेत जाऊ, आणि टेबलावर ठेवून विचारू : साहेब, आता सांगा, अतिक्रमण कुणी केलं? आम्ही, की तुमच्या पाण्यानं?