पंचम, तीच वीस गाणी आणि मेडली

दर वर्षी २७ जून आणि ४ जानेवारी जवळ आले की पुण्या-मुंबईत पंचमच्या कार्यक्रमांचे बोर्ड लागायला लागतात. (पहिली तारीख जन्माची, १९३९. दुसरी जाण्याची, १९९४.) चष्म्यातला आर. डी., शेजारी गायकांचे फोटो आणि खाली 'सुरेल सफर' छापाचं काहीतरी. यातले बरेच कार्यक्रम मी ऐकलेत, काहींत गिटारही वाजवली आहे. तेव्हा स्पष्टच लिहितो. यातल्या बहुतेक कार्यक्रमांत पंचमची गाणी असतात, पण पंचम नसतो. आणि तो स्टेजवर हरवत नाही, यादी करतानाच हरवतो.

यादी कशी होते ते सांगतो. पाच-सहा जण चहा घेत बसतात. कोणीतरी वही काढतं. दहा मिनिटांत वीस गाणी लिहून होतात, कारण ती सगळ्यांना पाठच असतात. तीच 'तीसरी मंझिल', तेच 'कटी पतंग', तेच 'हम किसी से कम नहीं'. मग गायक भांडतात. 'किशोरची सहा मलाच हवीत', 'आशाताईंची चार तरी द्या'. म्हणजे यादी गायकांच्या वाटणीवर ठरते. ज्याच्या नावाने तिकीट विकलं तो संगीतकार या वाटणीत कुठेच नाही!

मग कोणीतरी म्हणतं, "अरे, खूप गाणी राहिली. मेडली करूया."

मंडळी, या मेडलीवर माझा खरा राग आहे. आठ गाण्यांचे आठ मुखडे एकापाठोपाठ जोडायचे आणि खालून एकच ठेका ठोकायचा. लोक टाळ्या वाजवतात, कबूल. पण पंचमचं काम निव्वळ मुखड्यात होतं का हो? सुरुवातीच्या म्युझिकमध्ये, दोन अंतऱ्यांच्या मधल्या जागेत, ठेका बदलतो तिथे तो माणूस खरा सापडतो. 'यादों की बारात' (१९७३) मधला ग्लासवरचा चमचा, 'शोले' (१९७५) मध्ये हेलनच्या गाण्याआधी बाटलीत मारलेली फुंकर, 'किताब' (१९७७) मध्ये ठेक्यासाठी वाजवलेली शाळेची बाकं. मेडलीत नेमकं हेच कापलं जातं. आंब्याची साल वाढायची आणि वर आमरसाचं जेवण म्हणून सांगायचं, त्यातली गत.

वेळ नाही म्हणतात. जरा हिशोब करा. कार्यक्रम तीन तासांचा. मध्यंतर वीस मिनिटं. सत्कार, शाली, प्रायोजकांचे दोन शब्द मिळून अर्धा तास. निवेदन पाऊण तास. 'इजाजत' (१९८७) चा तो वर्तमानपत्राचा किस्सा तर दर वेळी येतोच (उद्या पेपर आणून चाल लावायला सांगशील, असं पंचम गुलजारना म्हणाल्याचा). किस्सा गाण्याइतकाच लांबतो, आणि मग गाण्याचा एक अंतरा गाळतात! वेळ आहे हो. तो कशावर घालवायचा हा प्रश्न आहे.

आता समोरचा मुद्दा. "लोक पैसे देतात, त्यांना ओळखीची गाणी हवीत." हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. आमची आत्या डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून येते ती 'अमर प्रेम' ऐकायलाच, आणि तिला ते मिळालंच पाहिजे. (आत्या, वाचते आहेस ना?) ओळखीचं गाणं हजार माणसं एकदम गुणगुणतात त्यातला आनंद खराच आहे. पण सगळीच्या सगळी यादी तशी कशाला? ओळखीचं गाणं आज प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे, तेही मूळ आवाजात. मग माणसाने नाट्यगृहात यायचं कशाला? तर ते वाजताना बघायला. मादल मांडीवर घेऊन वाजवणारा माणूस बघायला, 'रेसो-रेसो' म्हणजे नक्की काय खरवडतात ते बघायला. ऑक्टोपॅडवर सगळं भागवलंत की ते बघणंही गेलं.

आणि या ठरलेल्या यादीत एक खोटी गोष्टही दडलेली असते. १९८३ च्या 'मासूम'नंतर थेट १९९४ चा '१९४२: अ लव्ह स्टोरी', मध्ये बहुतेक वेळा काहीच नाही. 'इजाजत' लागलाच तर त्या किस्स्यासाठी. जणू माणूस दहा वर्षं घरी बसून होता आणि जाता जाता एक चमत्कार करून गेला. ऐकायला करुण, म्हणून निवेदकाला प्रिय. पण त्याच काळात 'परिंदा' (१९८९) आहे, 'लिबास' आहे. काम कमी झालं होतं, कान गेला नव्हता.

माझं म्हणणं सोपं आहे. वीस गाणी घ्या. दहा सगळ्यांच्या ओळखीची. पाच अशी, की सिनेमाचं नाव ऐकलंय पण गाणं विसरलंय: 'सितारा' (१९८०), 'बसेरा' (१९८१), 'नमकीन' (१९८२) यांत शोधा, हात रिकामे येणार नाहीत. उरलेली पाच वादकांसाठी. प्रत्येक गाणं पूर्ण, सगळ्या म्युझिक पीससकट. मेडली बंद. आणि यादीतल्या प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारायचा: यात पंचमने काय केलं ते समोरच्याला ऐकू येईल का? उत्तर नसेल तर गाणं कितीही गाजलेलं असो, बाहेर.

आमच्या हौशी ग्रुपची जानेवारीची यादी सध्या ठरते आहे आणि मत सहा विरुद्ध एक असं आहे. एक कोण ते सांगायला नको :)

तरी मी भांडणार. मारुतीराव कीर, मनोहारी सिंग, भूपिंदर... ज्यांच्या हातांनी हे संगीत उभं राहिलं त्यांतले कितीतरी गेले. स्वरलिपी फार कमी गाण्यांची छापली गेली आहे. ते पीस कोणीतरी कानाने उतरवून, बोटं दुखेपर्यंत बसवले तरच पुढच्याला कळणार. तीनशेहून जास्त चित्रपट केलेल्या माणसाची आपण वर्षानुवर्षं तीच वीस गाणी वाजवत राहिलो, तर अजून वीस वर्षांनी त्याने तेवढीच केली होती असं वाटेल. आणि ते आपणच केलेलं असेल, दर वर्षी हार घालून.